शहरातील परागदूत

पुण्याच्या मंडईत भल्या सकाळी भोपळे, काकड्या, वांगी, दोडकी आणि नाना प्रकारची फळे यांच्या राशी रचलेल्या असतात. या राशी तेथे येईपर्यंत कितीतरी हात त्यांना लागलेले असतात. शेतकऱ्याने जमीन कसलेली असते, मजुरांनी तोडणी केलेली असते, वाहनचालकाने रात्रभर जागून माल शहरात आणलेला असतो आणि हमालाने तो पाठीवरून वाहिलेला असतो. या प्रत्येकाच्या श्रमाचा मोबदला कोठे ना कोठे हिशेबाच्या वहीत लिहिला जातो. परंतु ज्यांच्या श्रमावाचून यांतील कित्येक जिन्नस पिकलेच नसते, अशा एका कामकऱ्यांच्या वर्गाचे नाव मात्र कोणत्याही वहीत आढळत नाही. हे कामकरी म्हणजे फुलाफुलांवर हिंडणाऱ्या मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग आणि त्यांचे इतर सोबती होत. एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचविणारे ते दूतच आहेत. म्हणून त्यांना परागदूत म्हणणे उचित ठरेल.

त्यांचे कार्य समजून घ्यावयाचे असेल, तर भोपळ्याचा वेल पाहावा. या वेलावर दोन प्रकारची फुले येतात. काही फुले लांब देठाची असतात. ती नरफुले होत. दुसऱ्या प्रकारच्या फुलांच्या तळाशी सुपारीएवढा गोल फुगवटा असतो. ती मादीफुले होत. हा फुगवटा म्हणजेच उद्याचा भोपळा. पण नरफुलातील परागकण मादीफुलातील कुक्षीवर पडल्याखेरीज तो वाढू शकत नाही. भोपळ्याचे परागकण जड आणि चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने उडून जात नाहीत. शिवाय हे फूल पहाटे उमलते आणि दुपार होण्यापूर्वीच मिटू लागते. एवढ्या थोड्या अवधीत एखादी माशी नरफुलात शिरली, तिच्या अंगावरील केसांना पराग चिकटले आणि नंतर ती मादीफुलावर जाऊन बसली, तरच फळ धरते. एरवी तो इवलासा फुगवटा पिवळा पडतो आणि गळून जातो. माशी जाते ती स्वतःच्या पोटासाठी, मधुरस आणि पराग मिळविण्यासाठी. परंतु तिच्या या पोटभरीतूनच वेलाचा वंश चालतो आणि माणसाच्या ताटात भाजी येते. या क्रियेला परागीभवन असे म्हणतात.

सर्वच पिकांना अशा दूतांची गरज असते असे नाही. गहू आणि तांदूळ ही धान्ये कीटकांच्या साहाय्यावाचून पिकतात. परंतु जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांपैकी ८७ पिकांना कीटक, पक्षी आणि इतर प्राणी यांच्या हातून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक लाभ होतो, असे आढळून आले. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. परागदूत नाहीसे झाले, तर माणूस एकाएकी उपाशी मरणार नाही, हे खरे. पण त्याच्या ताटातील फळे, कित्येक भाज्या आणि अनेक तेलबिया दुर्मिळ होतील. भाकरी उरेल, परंतु तिच्यासोबतचे बरेचसे हरपेल.

यावर कोणी म्हणेल, की शेते खेड्यांत आहेत. मग परागदूतांची काळजी शहराने कशाला वाहावी? या शंकेचे उत्तर अवघड नाही. शहरातही शेवगा, चिंच, जांभूळ आणि आंबा ही झाडे असतात. गच्चीवर आणि परसात भाज्या लावल्या जातात. आणि शहरालगतच्या टेकड्यांवरील रानझाडांचे बीज धरणेही या कीटकांवरच अवलंबून असते. त्या झाडांना बी धरले नाही, तर नवी रोपे उगवणार नाहीत आणि काही काळाने टेकडी उजाड होईल. उजाड टेकडीवरची माती पावसाबरोबर वाहून जाते आणि पाणी जमिनीत मुरत नाही. शिवाय शहरे दरवर्षी पसरत आहेत. काल जेथे शेत आणि माळ होता, तेथे आज रस्ते आणि इमारती आहेत. शहराने आपल्या हद्दीत या जीवांना थारा दिला नाही, तर त्यांनी जावे तरी कोठे?

परागदूतांत मधमाशी सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्रात मधमाश्यांचे चार प्रकार सामान्यतः आढळतात. उंच झाडांच्या फांद्यांना, कड्यांना आणि इमारतींच्या सज्जांना एकच मोठे पोळे लटकाविणारी ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकामागे एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. हिला पेटीत पाळता येते. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे लहान पोळे करणारी ती फुलोरी. आणि जिला नांगीने दंश करता येत नाही, अशी भिंतीच्या फटीत राहणारी चिमुकली माशी म्हणजे पोयाची माशी. मधमाश्यांचे शास्त्रशुद्ध संशोधन आणि मधपालनाचे शिक्षण यांसाठी १९६२ साली पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेची स्थापना झाली, ही या शहराला भूषणावह अशी गोष्ट आहे.

परंतु मधमाशी म्हणजे पोळे, राणी आणि मध, एवढीच कल्पना मनात धरली, तर परागदूतांच्या मोठ्या भागाकडे दुर्लक्ष होईल. जगात माश्यांच्या या कुळातील वीस हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती एकांड्या आहेत. त्यांना ना राणी, ना पोळे, ना मधाचा साठा. मादी एकटीच जमिनीत बारीक बीळ खणते, त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि बिळाचे तोंड बंद करते. अशा माश्यांपैकी एकीच्या पोटावर निळे चमकदार पट्टे असतात. वांग्याच्या फुलाशी तिचे विशेष सख्य आहे. वांग्याच्या फुलातील पराग एका नळीसारख्या कोशात बंद असतो आणि त्या कोशाच्या टोकाला फक्त बारीकसे छिद्र असते. ही माशी फूल पायांनी घट्ट धरते आणि आपल्या पंखांचे स्नायू वेगाने थरथरविते. तेव्हा मोठी गुणगुण ऐकू येते आणि मीठदाणीतून मीठ पडावे, तसा पराग तिच्या अंगावर झडतो. पोळ्यातील मधमाशीला हे कसब अवगत नाही. टोमॅटोच्या फुलांचीही हीच गोष्ट आहे.

काळा, धष्टपुष्ट भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत घर कोरतो आणि बहाव्याच्या पिवळ्या घोसांवर मनसोक्त हिंडतो. आणखी एक माशी गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कातरून नेते आणि त्यांच्या घड्या घालून पिलांसाठी कुपी तयार करते. आंब्याच्या मोहोरावर तर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्यांचीच गर्दी अनेकदा अधिक असते. फुलपाखरे दिवसा हिंडतात, तर रातराणीसारख्या फुलांकडे रात्री पतंग येतात. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या लालकेशरी फुलांवर शिंजीर, साळुंकी असे पक्षी मधुरसासाठी येतात. असा हा परागदूतांचा परिवार फार मोठा आहे. त्यांतील प्रत्येकाची वेळ वेगळी आणि फुलेही वेगळी.

या सर्वांच्या गरजा मात्र मोजक्या आहेत. त्यांना वर्षभर पुरेल असे अन्न हवे, घर करण्यास जागा हवी आणि विषापासून अभय हवे. शहर या तिन्ही गोष्टी त्यांच्यापासून हिरावून घेते. ते वैरभावाने घेते असे नव्हे. बहुधा स्वच्छतेच्या, सुखसोयीच्या आणि टापटिपीच्या नावाखाली, नकळतच घेते. म्हणूनच ही हानी लवकर ध्यानात येत नाही. परंतु म्हणूनच ती भरून काढणेही शक्य आहे.

प्रथम अन्नाचा विचार करू. मधमाशी दोन महिने भरपेट जेवून उरलेले दहा महिने उपाशी राहू शकत नाही. तिला एकापाठोपाठ एक फुलणारी झाडे हवीत. आपल्या देशी वृक्षांची योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हिवाळ्यात आंबा मोहरतो. फाल्गुनाच्या सुमारास पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. चैत्रात करंज, कडुलिंब आणि जांभूळ यांना बहर येतो. वैशाखात बहावा आणि ताम्हण यांची शोभा असते. पावसाळ्यात तेरडा आणि त्यामागून सोनकी माळरानावर पसरते. पाऊस सरत आला, की बोरीच्या बारीक फुलांवर माश्यांची झुंबड उडते. शेवगा तर वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलतो. रस्त्याच्या कडेला एकाच जातीची शेकडो झाडे लावण्याऐवजी अशी निरनिराळ्या ऋतूंत फुलणारी झाडे लावली, तर शहरात बारमाही अन्नछत्र चालू राहील.

याउलट, सतत कापलेली हिरवळ डोळ्यांना कितीही सुंदर दिसली, तरी तीत फूल नसते; आणि जेथे फूल नाही, ते मैदान मधमाशीच्या लेखी वाळवंटच होय. तीच गोष्ट दाट पाकळ्यांच्या काही शोभेच्या फुलांची. पाकळ्यांची संख्या वाढविण्याच्या नादात त्यांतील पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. असे फूल म्हणजे सजविलेले, पण रिकामे ताट. म्हणून बागेत अशा फुलांच्या जोडीला जास्वंदीची साधी, पाच पाकळ्यांची जात, तुळस, सब्जा आणि झेंडू यांनाही स्थान द्यावे.

फुलपाखरांच्या बाबतीत केवळ मधुरस पुरेसा नसतो. त्यांच्या सुरवंटांना ठरावीक झाडांची पानेच लागतात. लिंबू आणि कढीपत्ता यांवर काही जातींचे सुरवंट वाढतात, तर काहींना रुईची पाने लागतात. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने निलवंत या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केले; असा मान फुलपाखराला देणारे हे भारतातील पहिले राज्य ठरले. या निलवंताचे सुरवंटही लिंबाच्या कुळातील झाडांची पानेच खातात. कढीपत्त्याची चार पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारणारा माणूस आपल्या अंगणातील फुलपाखरू उडण्यापूर्वीच मारीत असतो. थोडी पाने गमावण्याची तयारी ठेवल्यावाचून फुलपाखरू मिळत नाही.

पुण्यातील जुन्या वाड्यांमागे परसू असे. त्या परसात तुळशीवृंदावन, पारिजातक, जास्वंद, शेवगा आणि कढीपत्ता हमखास आढळत. वाडे गेले आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, तेव्हा परसाची जागा वाहनतळाने घेतली. शहरातील माणसांना घरे हवीत, हे नाकारता येणार नाही. तथापि परसू गेले, तरी गच्ची, सज्जा आणि रस्त्याचा दुभाजक या जागा आहेतच. लहान माश्या घरट्यापासून काहीशे मीटरांच्या पलीकडे क्वचितच जातात. म्हणून एका टोकाला मोठे उद्यान आणि दुसऱ्या टोकाला दुसरे, एवढ्याने त्यांचे भागत नाही. मधल्या प्रत्येक गच्चीवर चार कुंड्या असल्या, नदीकाठची झुडपे राखली आणि शाळेच्या आवारात एक फुलांचा वाफा केला, तर टेकडीपासून नदीपर्यंत या चिमुकल्या प्रवाशांसाठी जणू पायवाट तयार होते.

दुसरी गरज निवाऱ्याची. एकांड्या माश्या जमिनीत घर करतात, हे वर आलेच आहे. आता शहरातील आवारे पाहिली, तर फरशी आणि सिमेंट यांनी एक वीतही माती उघडी ठेवलेली नसते. कित्येकदा तर झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट येऊन भिडते. यामुळे माशीला बीळ करता येत नाही, पावसाचे पाणी मुरत नाही आणि झाडाची मुळेही गुदमरतात. प्रत्येक झाडाभोवती मोकळे आळे ठेवावे, आवाराचा एखादा कोपरा उघड्या मातीचा असावा आणि तेथे पडलेला पालापाचोळा जाळू नये. वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल, तर ती बागेच्या कोपऱ्यात तशीच राहू द्यावी. भुंग्याला तिचा उपयोग होतो. थोडी अव्यवस्था म्हणजे अस्वच्छता नव्हे, हे उद्यानाची निगा राखणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

निवाऱ्याचा सर्वांत बिकट प्रश्न आग्या माशीच्या पोळ्याचा आहे. पाण्याच्या टाकीखाली किंवा चौथ्या मजल्याच्या सज्जाला हातभर रुंदीचे काळसर पोळे दिसले, की इमारतीत घबराट पसरते. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. डिवचलेल्या आग्या माश्या एकवटून हल्ला करतात आणि असा हल्ला प्राणघातकही ठरू शकतो. म्हणून कोणी रात्री टेंभे पेटवून पोळे जाळण्याचा, तर कोणी विष फवारण्याचा सल्ला देतो. एका रात्रीत हजारो माश्या मरतात आणि सकाळी त्यांचा सडा झाडून टाकला जातो.

परंतु आग्या माशीचा स्वभाव जाणला, तर दुसरा मार्ग सुचतो. ही माशी एका जागी कायमची राहत नाही. ऋतू पालटला आणि आसपासची फुले सरली, की सारा थवा पोळे सोडून दूर निघून जातो. कोणी दगड मारला नाही, धूर केला नाही किंवा धक्का लावला नाही, तर ती सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. तेव्हा पोळे वर्दळीपासून दूर असेल, तर त्याखालची वाट काही आठवडे बंद ठेवावी, मुलांना दूर राहण्याची सक्त ताकीद द्यावी आणि थवा जाण्याची वाट पाहावी. पोळे दाराशी किंवा जिन्यालगत असेल आणि धोका खरोखरच असेल, तर माश्या न मारता पोळे हलविणाऱ्या प्रशिक्षित माणसांना बोलवावे. माणसाची सुरक्षितता आणि माशीचा जीव यांपैकी एकाचीच निवड करावी लागते असे नव्हे. बहुतेक वेळा थोडा धीर धरला, तर दोन्ही साधतात. मात्र हे काम जाणत्यांचे आहे. लहानांनी पोळ्याजवळ जाण्याचे धाडस कधीही करू नये.

तिसरी गरज विषापासून अभयाची. कीटकनाशक हे मित्र आणि शत्रू यांच्यांत भेद करीत नाही. मावा मारण्यासाठी फुललेल्या झाडावर फवारलेले औषध त्या फुलावर आलेल्या माशीलाही मारते. ती तेथल्या तेथे मेली नाही, तरी दिशा विसरते आणि घरी परतू शकत नाही. युरोपीय संघाने २०१८ साली मधमाश्यांना घातक ठरलेल्या तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतांतील वापरावर बंदी घातली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक बागा आणि रस्ते यांवर रासायनिक कीटकनाशके वापरण्यास कायद्याने मनाई करण्यात आली. तेथील बागा त्यामुळे ओस पडल्या नाहीत. माळ्यांनी हाताने तण काढण्याची जुनी पद्धत पुन्हा स्वीकारली.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आपल्या शहरांत डेंग्यू आणि हिवताप पसरतात आणि डासांचा बंदोबस्त करणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच आहे. परंतु डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची थाळी, टाकून दिलेला टायर आणि उघडी टाकी ही त्याची जन्मस्थाने होत. ही ठिकाणे आठवड्यातून एकदा कोरडी केली, तर डासाची पैदास मुळातच थांबते. धूरफवारणी करावीच लागली, तर ती फुललेल्या झाडांपासून दूर आणि मधमाश्या कामावर नसतील अशा वेळी करावी. म्हणजे रोगाशी लढताना निरपराध जीवांचा बळी जाणार नाही.

अशीच काळजी दिव्यांच्या बाबतीतही घ्यावयास हवी. रात्री फुलांकडे निघालेले पतंग झगझगीत दिव्यांभोवती घिरट्या घालीत राहतात, थकतात आणि मरतात. त्यांची वाट पाहणारी फुले तशीच राहतात. रस्त्यावर प्रकाश हवाच. पण झाडांच्या शेंड्यांवर रात्रभर रोषणाई करण्याची आवश्यकता नसते. दिव्यांचा प्रकाश खाली, पायवाटेवर पडेल अशी योजना करणे अवघड नाही.

हे सारे केवळ कागदावरचे विचार नाहीत. काही शहरांनी ते प्रत्यक्ष करून दाखविले आहे. नेदरलँड्स देशातील उट्रेख्त या शहराने २०१९ पर्यंत आपल्या ३१६ बसथांब्यांच्या छपरांवर लहान फुलझाडांचे ताटवे लावले. ही छपरे पावसाचे पाणी धरून ठेवतात, उन्हाळ्यात थोडा गारवा देतात आणि मधमाश्यांना भर रस्त्यात अन्न पुरवितात. आपल्याजवळचे उदाहरण मुंबईचे आहे. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर माती घालून झाडे लावण्यात आली आणि १९९४ साली तेथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. जेथे दुर्गंधीमुळे उभे राहवत नव्हते, तेथे आता दाट झाडी आहे आणि फुलपाखरे उडताना दिसतात. कचऱ्याच्या जागी रान उभे राहू शकते, तर मोकळ्या आवारात एक वाफा का फुलू नये?

पुण्याला तर निसर्गाने आधीच पुष्कळ काही दिलेले आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती आणि तळजाई या टेकड्या भर वस्तीत उभ्या आहेत. त्यांवरील गवत, झुडपे आणि रानझाडे ही परागदूतांची माहेरघरेच होत. १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या तेवीस गावांच्या विकास आराखड्यात तेथील टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. टेकड्या मोकळ्या राहाव्यात यासाठी अनेक नागरिकांनी आग्रह धरला होता. जमिनीची किंमत सोन्याप्रमाणे वाढत असताना एखादी टेकडी मोकळी ठेवणे, हा शहराच्या शहाणपणाचा आणि निग्रहाचा कस पाहणारा प्रसंग असतो. एकदा टेकडी फोडली, की पुन्हा उभी करता येत नाही.

कायद्यानेही नागरिकांच्या हाती काही साधने दिली आहेत. महाराष्ट्रातील शहरांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही आणि शहरातील झाडांची ठरावीक मुदतीने गणना करावी लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून आपल्या परिसरातील वनस्पती आणि प्राणी यांची नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत वडापिंपळांप्रमाणेच निळ्या पट्ट्यांच्या माशीलाही स्थान मिळाले पाहिजे. ज्याची नोंद नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

या कामी काही जण उत्साहाच्या भरात मधमाश्यांच्या पेट्या आणून गच्चीवर ठेवू पाहतात. मधपालन हा चांगला व्यवसाय आहे. परंतु आसपास पुरेशी फुले नसताना पेट्या वाढविल्या, तर पाळीव आणि रानटी माश्यांत थोड्या अन्नासाठी चढाओढ लागते. तेव्हा आधी फूल, मग पेटी, हाच क्रम योग्य होय.

शाळकरी विद्यार्थ्यांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी खर्चही फारसा येत नाही. उन्हाळ्यात उथळ थाळीत खडे मांडून त्यात पाणी ठेवावे. खड्यांवर बसून माश्या बुडण्याच्या भीतीवाचून पाणी पितात. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी रोज बदलावे. शाळेच्या आवारात एखादे फुललेले झाड निवडून, दहा मिनिटांत त्यावर किती प्रकारचे कीटक आले, हे थोडे दूर उभे राहून मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. वर्षभर अशी नोंद ठेवली, तर कोणत्या महिन्यात माश्यांची उपासमार होते, हे त्या वहीवरूनच कळेल आणि त्या महिन्यात फुलणारे झाड पुढील पावसाळ्यात लावता येईल. अशी वही मुख्याध्यापकांना आणि प्रभागाच्या नगरसेवकांना दाखविली, तर मुलांच्या बोलण्याला पुराव्याचे बळ येईल.

शहर म्हणजे केवळ माणसांची वस्ती, अशी आपली समजूत झालेली असते. परंतु त्याच मातीत, त्याच झाडांवर आणि त्याच भिंतींच्या फटींत आणखी कितीतरी जीव राहत असतात आणि आपापले काम निमूटपणे करीत असतात. त्यांना सभेत बोलता येत नाही, अर्ज करता येत नाही किंवा मतही देता येत नाही. झाडाभोवतीचे आळे मोकळे ठेवावे की नाही, फुललेल्या झाडावर विष फवारावे की नाही आणि टेकडी राखावी की नाही, हे निर्णय माणसेच घेणार आहेत. आज शाळेत असलेली मुले उद्या ते निर्णय घेणाऱ्यांच्या जागी बसतील. तेव्हा ज्यांना बोलता येत नाही, त्यांचीही बाजू ध्यानात ठेवून निर्णय घेणे, हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य होय.